प्रॉम्प्टरची प्रत

माझी खुर्ची डाव्या विंगेत, आग विझवायच्या नळकांड्याला खेटून.
मांडीवर संहिता, कानामागे पेन्सिल, गळ्यात छोटी बॅटरी.
एकोणीस वर्षं वेस्ट्रे बेटावरच्या माणसांना
मी त्यांचीच वाक्यं हळूच परत देते आहे.
थांबलाय की विसरलाय,
ते मला मानेवरून कळतं.

थॉर्फिन फेरीबोटीवर दोर टाकतो.
पाठांतर त्याचं कधीच नव्हतं, जेसिनाचं होतं.
बटाटे सोलता सोलता ती बाकी सगळे व्हायची :
म्हातारी, पाद्री, प्यालेला दीर,
सगळे एकाच सुरात, वाण्याची यादी वाचावी तसे.
मधल्या फटींत हा आपली वाक्यं कोंबायचा.

हेच नाटक आम्ही मागच्या हिवाळ्यात बसवत होतो.
अकराव्या पानावर बायको म्हणते,
"दार लाव, वारा आत येतोय."
जेसिनानं चष्म्याशिवाय वाचलं, "दिवा लाव."
हॉलमध्ये सगळे हसले. वाऱ्यात दिवा?
"मग काय अंधारात बसू?" ती म्हणाली,
आणि शेवटपर्यंत तसंच वाचत राहिली.
शेवट म्हणजे मार्च.
कोकरांचे दिवस होते, कुणालाच नीट रडायला सवड नव्हती.
नाटक वर्षभर पुढे गेलं.

यंदा भाच्यानं, आयव्हरनं, फोनमध्ये ते यंत्र घालून दिलं.
पानांचे फोटो काढले, झालं.
म्हातारीला म्हातारीचा आवाज, पाद्र्याला पाद्र्याचा,
पहाटे साडेपाचला, मेंढ्यांनी भरलेल्या दोन ट्रकांच्या मध्ये.
एकदाही म्हणालं नाही, बास आता, झोपू दे.
फक्त अकराव्या पानावर थॉर्फिन अडायचा.
ते पुन्हा म्हणायचं, दार लाव.
हा पुन्हा गप्प.
शेवटी म्हणाला, "दिवा म्हण."
"संहितेत 'दार' आहे. बदल कायमचा करू का?"
हो, म्हणाला. कायमचा.

आयव्हर म्हणाला, मामीचे निरोप आहेत फोनवर,
सात मिनिटं भरतील. तेवढ्यात आवाज बनतो तिचा.
थॉर्फिन दोर गुंडाळत राहिला.
"आवाज नको. चूक पुरे."
हे त्यानं मला चहाच्या पिंपापाशी सांगितलं,
उद्या वारा वायव्येचा, असं सांगावं तसं.

शुक्रवारी साठ खुर्च्या, अठ्ठावन्न माणसं.
फोन बंद करा, हे मीच ओरडून सांगितलं होतं.
ऐल्सा म्हणाली, स्वच्छ, जसं छापलंय तसं :
"दार लाव, वारा आत येतोय."
थॉर्फिन उभा.
मान बघितली. हे थांबणं नव्हतं.
त्याचं वाक्य माझ्या बोटाखालीच होतं,
"वारा रोजचाच. तू बस."
तेच द्यायचं, काम तेवढंच आहे माझं.
मी दिलं तिचं. तेही चुकीचं.
"दिवा लाव," मी कुजबुजले,
बटाटे सोलताना म्हणावं तितपत आवाजात.

तो ऐल्साकडे वळला नाही.
विंगेकडे बघून म्हणाला, "वारा रोजचाच. तू बस."
मी बसलेलीच होते.

शनिवारी कर्कवॉलला स्पर्धा.
ऐल्साला कुणी काही सांगितलं नव्हतं, देवाशपथ.
तिनं त्या जागी आपलं आपण म्हटलं, दिवा लाव.
मी माझ्या प्रतीत 'दार' खोडलं,
मग पेन्सिलच आहे म्हणून पुन्हा थोडं पुसलं,
आता दोन्ही दिसतात.

फोनमध्ये अजून ते नाटक आहे म्हणे.
उघडलं की विचारतं,
अकराव्या पानापासून सुरू करू या का?

आम्ही पाचांत चौथे आलो.
इन्व्हर्नेसहून आलेल्या परीक्षकांनी
गुणांच्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलं होतं :
दुसऱ्या प्रवेशात दिवा आधीपासूनच लागलेला आहे.
दिग्दर्शकांनी लक्ष द्यावे.